छायाचित्र कोणी काढावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला या सभेत चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा पुष्कळ जणींना वाटले असेल की मी वाळवणाच्या पदार्थांवर बोलेन, नाही तर मुलींच्या सासरच्या वागणुकीवर. ते विषय वाईट नव्हेत. पण त्यावर आपण दर वर्षी बोलतो. आज मी छायाचित्रावर बोलणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मला कॅमेऱ्याचे शास्त्र येत नाही. पण छायाचित्र कोणी काढले आणि कोणाचे काढले, एवढे पाहायला शास्त्र लागत नाही. डोळे लागतात, आणि ते देवाने सगळ्यांना दिले आहेत.

प्रथम आपापल्या घराच्या भिंतीकडे पाहा. आजेसासऱ्यांची तसबीर असते, फेटा बांधलेली, हातात काठी. सासऱ्यांची असते. आजेसासूची किती घरांत आहे? बाईचे छायाचित्र जुन्या काळी फार तर एकदा निघे, लग्नात. तेही डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, नजर जमिनीकडे. हल्ली आधार कार्डासाठी निघते, बँकेच्या पासबुकासाठी निघते. आणि मग बाई गेली की घरात धावपळ होते. चांगला फोटो सापडत नाही. शेवटी आधार कार्डावरचा तोच घामेजलेला, घाबरलेला चेहरा मोठा करून आणतात आणि त्यालाच हार घालतात. जिने चाळीस वर्षे घर हसतमुखाने चालविले, तिच्या नातवंडांना ती कायमची घाबरलेली दिसते. हे आपल्या गावात मी एका घरी नाही, अनेक घरी पाहिले आहे.

कोणी म्हणेल, आता तर घरोघरी मोबाइल आहेत, फोटोंना काय तोटा! खरे आहे. फोटो पुष्कळ झाले. पण मोबाइल कोणाच्या हातात असतो? कोणाला मध्ये उभे करायचे, कोणाला कडेला ठेवायचे, कोणता फोटो ठेवायचा आणि कोणता पुसायचा, हे कोण ठरवितो? शिलाई मशीन वाटपाचा कार्यक्रम होतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चित्र येते. पाहुण्यांचे सगळे चेहरे स्पष्ट, खाली त्यांची नावे ओळीने. आणि जिला मशीन मिळाले ती बाई कडेला अर्धी कापलेली. तिच्या नावाच्या जागी एकच शब्द, ‘लाभार्थी’. काढणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ज्याच्या हाती कॅमेरा, त्याच्या नजरेत जो मोठा, तोच चित्रात मोठा होतो.

ही गोष्ट आजची नाही. छायाचित्रणाची कला युरोपात १८३९ साली जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी ती हिंदुस्थानात येऊन पोहोचली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली. त्यानंतर इंग्रज सरकारने आपल्या देशातल्या जातीजमातींची छायाचित्रे गोळा करून एक मोठा ग्रंथ काढला. १८६८ ते १८७५ या काळात त्याचे आठ खंड निघाले आणि त्यात चारशेहून अधिक चित्रे आहेत. माणसे आपली, भूमी आपली. पण चित्राखालचा मजकूर साहेबाचा. ही जात अशी, ती जमात तशी. हे भरवशाचे, ते लबाड. समोर बसलेल्या माणसाला आपल्याखाली काय लिहिले जाणार आहे याचा पत्ताही नव्हता. बहुतेकांचे नावसुद्धा त्यात नाही.

आता आपल्या जिल्ह्यातच पाहा. पोहरादेवीच्या यात्रेला बाहेरगावचे लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात. फेटिया-काचळी घातलेली, भिंगांचे काम केलेली ओढणी घेतलेली बंजारा समाजाची वृद्ध बाई दिसली की दहा कॅमेरे तिच्यावर रोखले जातात. चित्र सुंदर येते, दूरवर जाते, त्याला बक्षीसही मिळत असेल. पण त्या बाईचे नाव काय, ती कोणत्या तांड्याची, त्या ओढणीवर तिने किती दिवस सुई चालविली, हे कोणी विचारत नाही. ती पाहण्याची वस्तू झाली. तिच्याच नातीने तिचे चित्र काढले असते, तर ते कसे निघाले असते? मला वाटते, नातीला भिंगांच्या आधी आजीचे हात दिसले असते.

भगिनींनो, अमेरिकेत गोऱ्या नसलेल्या सगळ्या लोकांना मिळून ‘रंगाचे लोक’ असे म्हणतात. त्यात काळे आले, आपल्यासारखे सावळे आले, दक्षिण अमेरिकेकडचे आले. त्या देशात अशा घरांतली जी मुले-मुली नुकतीच छायाचित्रे काढू लागली आहेत, त्यांची मिळून प्रदर्शने भरतात. माझ्या मुलीने मला त्याविषयी वाचून दाखविले. मी तिला विचारले, “यात विशेष ते काय? फोटो तो फोटो. त्याला काळे-गोरे काय?” त्याचे उत्तर समजून घेता घेता मला जे कळले ते मी आज सांगते.

रंगीत फिल्मचीच गोष्ट घ्या. कोडॅक कंपनीचे नाव आपण सगळ्यांनी ऐकले आहे. ही कंपनी १९५० नंतरच्या काळात फोटो धुणाऱ्या दुकानांना रंग जुळविण्यासाठी एक नमुन्याचे चित्र पाठवीत असे. त्यावर एक गोरी बाई असे. तिचे नाव शर्ली, म्हणून त्या चित्राला शर्ली कार्डच म्हणत. शर्लीचा रंग बरोबर आला की सगळे बरोबर, असे मापच ठरले होते. फिल्मही त्याच हिशेबाने बनविलेली. मग काळ्या-सावळ्या माणसाचे चित्र काढले की काय होई? चेहरा डागासारखा काळा, फक्त डोळे आणि दात चमकत. शाळेत एका वर्गाचा फोटो काढला की गोरी मुले नीट दिसत आणि शेजारचे काळे मूल अंधारात गेल्यासारखे दिसे. काळ्या मुलांच्या आया याची तक्रार करीत. पण कंपनी खरी हलली ती केव्हा? चॉकलेट करणाऱ्यांनी आणि लाकडी सामान करणाऱ्यांनी तक्रार केली की आमच्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत ओळखू येत नाहीत, तेव्हा! माणसाच्या चेहऱ्यापेक्षा लाकडाच्या कपाटाची किंमत जास्त ठरली. पुढे १९९० नंतरच्या दशकात त्या कार्डावर निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया आल्या. आणि २०२१ साली गूगल कंपनीने आपल्या मोबाइलमध्ये सावळा-काळा वर्ण जसा आहे तसा उतरावा म्हणून सुधारणा केली, तेव्हा तिने त्या वर्णाच्या छायाचित्रकारांनाच बोलावून सल्ला घेतला. म्हणजे यंत्रालाही पक्षपात असतो, कारण यंत्र करणाऱ्याला तो असतो.

हे ऐकून मला अमेरिकेचे नवल वाटले नाही. मला आपल्याकडचे ‘दाखविण्याचे’ फोटो आठवले. मुलीचे लग्न ठरवायचे म्हटले की तिला स्टुडिओत नेतात. मुलगी आपल्या मातीसारखी सावळी, नाकीडोळी नीटस. फोटो येतो तेव्हा ती पिठात बुडवून काढल्यासारखी गोरी झालेली असते. आता मोबाइल तर न सांगताच चेहरा उजळून देतो. मग पाहायला आलेली मंडळी एकदा फोटोकडे पाहतात, एकदा मुलीकडे पाहतात, आणि काही न बोलता चहा पिऊन जातात. त्या मुलीच्या मनावर काय ओरखडा उमटतो, तो कोणत्या कॅमेऱ्यात उतरतो? ज्या मुलुखात सावळ्या विठोबाच्या पायी जायला माणसे पंढरीपर्यंत चालतात, तिथे सावळ्या लेकीचा खरा फोटो दाखवायला आपण लाजतो. देवाचा रंग गोड आणि मुलीचा रंग खोड, हा न्याय कुठला?

तर मग त्या लोकांनी काय केले? रडत बसले नाहीत, स्वतः कॅमेरा हाती घेतला. गॉर्डन पार्क्स म्हणून एक काळे गृहस्थ १९१२ साली जन्मले. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यात वाढप्याचे काम करीत. तिथे पडलेल्या एका मासिकात गरीब मजुरांची चित्रे त्यांनी पाहिली आणि गहाणवटीच्या दुकानातून एक जुना कॅमेरा विकत घेतला. १९४२ साली ते वॉशिंग्टनला सरकारी कामावर आले. त्या राजधानीत त्यांना उपाहारगृहात बसू देत नव्हते, दुकानात नीट माल दाखवीत नव्हते. तिथे सरकारी कचेरी झाडणाऱ्या एला वॉटसन या बाईंशी ते बोलले. त्यांची सारी कहाणी ऐकली, आणि मग चित्र काढले. मागे देशाचा भला मोठा झेंडा, पुढे एलाबाई ताठ उभ्या, एका हाताशी झाडू, दुसऱ्या बाजूला पुसण्याचे दांड्याचे फडके. आज ते चित्र जगभर ओळखले जाते. त्या चित्रावर थांबून पार्क्स निघून गेले नाहीत. पुढे कित्येक आठवडे ते एलाबाईंच्या घरी जात राहिले, त्यांची नातवंडे, त्यांचे देवघर, त्यांचे प्रार्थनामंदिर, सगळ्यांची चित्रे काढली. कचेरीत रोज शेकडो साहेब त्या बाईजवळून जात होते. ती दिसली एकालाच, कारण आपण कोणाला दिसत नाही हे दुःख त्याच्या स्वतःच्या ओळखीचे होते.

पण एकटा माणूस किती करणार? म्हणून १९६३ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात काळ्या छायाचित्रकारांनी एक मंडळ स्थापन केले. त्याचे नाव कामोइंगे. हा शब्द आफ्रिकेतल्या किकुयू भाषेतला, आणि त्याचा अर्थ मिळून काम करणाऱ्यांचा गट असा आहे. म्हणजे सरळ आपल्या भाषेत महिला मंडळातले ‘मंडळ’! ही माणसे रविवारी एकमेकांच्या घरी जमत. सोबत खाणेपिणे होई. प्रत्येक जण आपली चित्रे मांडी आणि बाकीचे त्यातले बरेवाईट स्पष्ट सांगत. गोड बोलून फसवीत नसत आणि बाहेर जाऊन निंदाही करीत नसत. मोठी कलादालने त्यांना दारात उभे करीत नव्हती, तेव्हा त्यांनी हार्लेममध्येच, आपल्याच वस्तीत, प्रदर्शन मांडले. त्या मंडळात पहिली बाई, मिंग स्मिथ, यायला मात्र १९७२ साल उजाडले. इथेही बाईचा नंबर शेवटीच! पुढे २०२० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्याच मंडळाच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. ज्या शहराने त्यांना भिंत दिली नव्हती, त्याच शहरात. मध्ये सत्तावन्न वर्षे गेली.

तसेच १९७४ साली न्यूयॉर्कमधल्याच ब्राँक्स भागात पोर्तो रिको बेटाकडच्या छायाचित्रकारांनी ‘एन फोको’ नावाची संस्था काढली. ती आजतागायत नव्याने काम करू लागलेल्या, गोऱ्या नसलेल्या छायाचित्रकारांना निवडून पुढे आणते. नवख्या मुलीला एकटीला कोण भिंत देणार? तिच्याजवळ फ्रेमला पैसे नाहीत, ओळखी नाहीत, आणि धीर तर त्याहून नाही. पण दहा जणींची दोन-दोन चित्रे एकत्र लावली की एक भिंत भरते, खर्च वाटला जातो आणि धीरही वाटला जातो. आपल्या भिशीचेच तत्त्व आहे हे! दुसरा लाभ याहून मोठा. एकीचे चित्र पाहिले तर पाहणारा म्हणतो, ही एक गरीब बिचारी. दहा जणींची दहा चित्रे पाहिली की त्याला कळते, यांतली एकही दुसरीसारखी नाही.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला या नवसारीच्या पारशी घरात १९१३ साली जन्मल्या आणि मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकल्या. सुरुवातीला त्यांची चित्रे छापून येत ती नवऱ्याच्या नावाने. बाईने काढलेले चित्र म्हटले तर कोण विश्वास ठेवणार? पुढे त्यांनी दिल्लीत स्वातंत्र्याच्या काळातले मोठमोठे प्रसंग टिपले. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून, पुरुषांच्या गर्दीत उभ्या राहत. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, तेव्हा त्यांचे वय सत्त्याण्णव होते. २०१२ साली त्या वारल्या. चित्र बाईचे आणि नाव नवऱ्याचे, ही गोष्ट इथे बसलेल्या कोणाला नवी नाही. शेतात राबते बाई आणि सातबारावर नाव असते दुसऱ्याचे.

दुसरे नाव श्री. सुधारक ओलवे यांचे. हे जन्माने अकोल्याचे. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत आपले अनसिंगही अकोला जिल्ह्यातच होते, तेव्हा त्यांना आपले म्हणायला हरकत नाही. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांबरोबर हिंडून त्यांनी चित्रे काढली. गटारात उतरलेली माणसे, कचऱ्याच्या गाडीवरची माणसे, त्यांची घरे, त्यांची लेकरे. हे काम कोणत्या समाजांच्या वाट्याला येते हे आपण सगळ्या जाणतो. तोंडाने बोलत नाही एवढेच. २००५ साली अमेरिकेतल्या नॅशनल जिओग्राफिक संस्थेने, जगातल्या मागे ठेवलेल्या समाजांचे जीवन दाखविणाऱ्या छायाचित्रकारांसाठी योजना काढली होती, तिच्यात चौघांची निवड झाली. त्यांत ओलवे होते, आणि त्यांची चित्रे तिकडे मांडली गेली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईचा कचरा लाखो लोकांनी पाहिला होता. उचलणारा हात त्यांनी दाखविला.

तिसरे नाव तमिळनाडूचे, पळनी कुमार. त्यांची आई मदुराईत मासळी विकते. मुलाने २०१३ साली कर्ज काढून कॅमेरा घेतला आणि मैला साफ करणाऱ्या कामगारांचे जिणे चित्रांत आणले. आपल्या आईची मासळीची टोपली आणि तिचे पहाटेचे कष्टही त्यांनी टिपले. पण मला त्यांचे जास्त कौतुक वाटते ते पुढच्या गोष्टीचे. त्यांनी सफाई कामगारांच्या मुलांना आणि कोळी स्त्रियांना कॅमेरा शिकविला आणि त्यांनी काढलेल्या चित्रांची प्रदर्शने भरविली. शिडी चढून गेला आणि शिडी ओढून घेतली नाही. आणि मुंबईच्या झोया लोबो या तृतीयपंथी छायाचित्रकाराचेही नाव घेते. लोकलच्या डब्यात हात पसरून जमविलेल्या पैशातून तिने जुना कॅमेरा घेतला आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, वांद्रे स्टेशनाबाहेर घरी जाण्यासाठी जमलेल्या परप्रांतीय मजुरांची चित्रे काढली. ज्यांच्याकडे आपण खिडकीची काच वर करून पाहतो, त्यांच्यापैकी एकीने आपल्याला देशाची हकीकत दाखविली.

भगिनींनो, आता मी मुद्द्यावर येते. पुढील वर्धापनदिनी रांगोळी व पाककृती यांच्या जोडीला आपल्या मंडळाने अनसिंगच्या मुलींनी आणि बायकांनी काढलेल्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवावे, अशी माझी सूचना आहे. कार्यकारिणीत याची चर्चा झाली तेव्हा तीन हरकती आल्या. त्या मी इथे उघडपणे मांडते, कारण हरकती खोट्या नव्हत्या.

पहिली हरकत खर्चाची. कॅमेरे आणायचे कुठून? आणायचेच नाहीत. घरात जो मोबाइल आहे तो पुरे. वाशीमला स्टुडिओतून चित्रे कागदावर काढून आणू. प्रत्येकीची दोन, त्याहून जास्त नाही. फ्रेम नकोत. सुतळी ताणायची आणि कपडे वाळवायच्या चिमट्यांनी चित्रे लावायची. शाळेच्या दोन खोल्या सुटीच्या दिवशी मिळाल्या तर आणखी काय पाहिजे?

दुसरी हरकत, यात काढण्यासारखे आहे तरी काय? मी सांगते. सोयाबीन सोंगताना वाकलेल्या बायांची रांग. संध्याकाळी त्याच बायांचे कापलेले, चिरलेले हात. कापूस वेचताना ओटीत भरलेला पांढरा ढीग. बाजाराच्या दिवशी मिरच्यांच्या पालाखाली झोपवलेले बाळ. तुरीची डाळ भरडणारी आजी. रात्री बाराला निजलेल्या घरात एकटीचा लागलेला दिवा. शृंगऋषींच्या देवळात सकाळी झाडू मारणारी, आणि आपण आता ज्या सतरंजीवर बसलो आहोत ती अंथरणारी बाई. हे आपल्याला इतके सवयीचे की दिसतच नाही. बाहेरून येणारा काढील तर म्हणेल, काय हे दैन्य! किंवा म्हणेल, काय हे सौंदर्य! आपली मुलगी काढील तेव्हा त्यात या दोहोंपलीकडचे खरे येईल, कारण तिला त्या बाईचे नाव माहीत आहे.

तिसरी हरकत सगळ्यात वजनदार. “मुलींच्या हाती मोबाइल देऊन फोटो काढायला गावभर पाठवायचे? उद्या भलतेसलते झाले तर?” आईच्या काळजातली ही भीती आहे, तिची मी थट्टा करणार नाही. मुलींचे न विचारता काढलेले फोटो पसरवून त्यांना छळल्याच्या बातम्या आपण वाचतो. पण नीट विचार करा. त्या छळात कॅमेरा मुलीच्या हातात नसतो. तो तिच्यावर रोखलेला असतो. जिला विचारून फोटो काढायची शिस्त लागली, तिला न विचारता काढणाऱ्याला हटकण्याचे बळही येते. मोबाइल दडवून ठेवल्याने मुलगी सुरक्षित होत नाही, अडाणी मात्र राहते. दोघी-दोघींनी जावे, दिवसाउजेडी जावे, सोबत मंडळाची एक बाई असावी. एवढे आपण सहज करू शकतो.

प्रदर्शनासाठी काही नियम मी सुचविते. एक: विचारल्याशिवाय कोणाचे चित्र काढायचे नाही, आणि काढलेले चित्र प्रथम त्या व्यक्तीला दाखवायचे, ती नको म्हणाली तर ते पुसायचे. दोन: चित्राखाली दोन नावे असावीत, जिने काढले तिचे आणि जिचे काढले तिचे. ‘एक ग्रामीण स्त्री’, ‘एक मजूर’, ‘लाभार्थी’ असे लिहायचे नाही. तीन: चेहरा उजळायचा नाही. सावळी ती सावळी, सुरकुती ती सुरकुती. चार: चित्रे काढणाऱ्या मुली गावाच्या सगळ्या भागांतल्या असाव्यात. गावठाणातल्या, बौद्ध वस्तीतल्या, मुस्लिम मोहल्ल्यातल्या, तांड्यावरच्या; आणि आपल्या भागाची चित्रे आपणच काढावीत. हा नियम नसेल तर प्रदर्शन भरवूच नये, असे माझे मत आहे. नाही तर आपणही त्या आठ खंडांच्या साहेबासारख्याच होऊ; फक्त साडी नेसलेल्या साहेब.

आणि पाचवा नियम आजपासूनच लागू करावा. सभा संपली की स्मरणिकेसाठी आपल्या सगळ्यांचे छायाचित्र निघणार आहे. दर वर्षी त्या वेळी काही भगिनी आपणहून बाजूला होतात. कोणाचे कुंकू गेलेले असते, कोणी आचाऱ्याबरोबर पुऱ्या तळायला बसलेली असते, कोणाला वाटते आपले लुगडे बरे नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांना अपमानकारक असलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक गाव ठरवून एवढे करू शकते. आपण निदान फोटोच्या रांगेत कोणाला मागे राहू देऊ नये. पुऱ्या थोड्या थंड झाल्या तरी चालतील.

हे काम मोठे नाही. अमेरिकेतल्या त्या मंडळाला सत्तावन्न वर्षे वाट पाहावी लागली. आपल्याला दोन खोल्या आणि थोडी सुतळी लागते. पण त्याने एक गोष्ट घडेल. आणखी पन्नास वर्षांनी कोणी विचारले की अनसिंगच्या बायका तेव्हा कशा होत्या, तर त्याच्या हाती नुसती आधार कार्डे लागणार नाहीत. आपल्या लेकींनी, आपल्याच अंगणात उभे राहून, नावानिशी काढलेल्या आया-आज्या त्याला भेटतील. त्या घाबरलेल्या नसतील, कारण समोर कॅमेरा धरून घरचीच पोर उभी असेल.

सूचना मांडली आहे. अध्यक्षाबाईंनी ती मतास टाकावी. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा. आणि ज्यांना मान्य नसेल त्यांनी घरी जाऊन बोलण्याऐवजी इथेच बोलावे, म्हणजे आणखी काय सुधारायचे ते कळेल. दाराशी उभ्या असलेल्या मुलींनो, तुम्ही आत या. हा ठराव तुमच्यासाठी आहे, तुमचाही हात मोजला जावा अशी माझी विनंती आहे.